जिमच्या आठशे डॉलरचा हिशेब

कथात्म साहित्यासाठी दिले जाणारे अमेरिकेतील पुलित्झर पारितोषिक २०२५ साली पर्सिव्हल एव्हरेट यांच्या 'जेम्स' या कादंबरीला मिळाले. त्याआधी २०२४ च्या नोव्हेंबरात तेथील राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कारही याच कादंबरीने पटकावला होता. 'जेम्स' हे मार्क ट्वेन यांच्या 'हकलबरी फिन' या विख्यात कादंबरीचे पुनर्लेखन आहे. मिसिसिपी नदी तीच आहे, तराफा तोच आहे. दारुड्या बापाच्या तावडीतून सुटलेला हक हा पोरगा आणि विकले जाण्याच्या भीतीने पळालेला जिम हा गुलामही तेच आहेत. बदलला आहे तो कथा सांगणारा. ट्वेन यांच्या पुस्तकात हक बोलत होता. येथे जिम बोलतो आणि स्वतःचे नाव 'जेम्स' असे पूर्ण लिहितो.

एखादी अभिजात कलाकृती हाती घेऊन तिची मांडणी राजकीय हेतूने फिरवण्याचा हा प्रघात गेल्या साठ वर्षांत जगभर वाढला आहे. त्याविषयी दोन ठरावीक मते ऐकू येतात. एका मताप्रमाणे मृत लेखकाला आजच्या न्यायालयात उभे करून आजच्या कायद्याने शिक्षा ठोठावण्याचा हा उद्योग आहे. दुसऱ्या मताप्रमाणे शतकानुशतके गप्प बसवलेल्यांना त्यामुळे वाचा फुटते आणि म्हणून असे प्रत्येक पुस्तक स्वागतार्ह आहे. पहिल्या मतात साहित्याविषयीचा आदर आहे, दुसऱ्यात न्यायाची चाड आहे. परंतु दोन्ही मते पुस्तके न उघडताही मांडता येतात, हा त्यांचा समान दोष होय.

पुस्तके उघडली म्हणजे चित्र वेगळे दिसते. ज्या पुनर्लेखनांनी वाचकांच्या मनात घर केले, त्यांचा आरंभ मूळ ग्रंथातच सापडतो. मूळ लेखकाने प्रामाणिकपणे टिपलेली, परंतु कोणीच बेरजेत न धरलेली एखादी नोंद पुढचा लेखक उचलतो आणि तिचा हिशेब मागतो. पुष्कळदा ही नोंद अक्षरशः रोख रकमेची असते.

ट्वेन यांच्या पुस्तकातील आकडे

'हकलबरी फिन' १८८४ च्या अखेरीस इंग्लंडात आणि १८८५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत प्रसिद्ध झाली. तिच्यातील जिमचे आयुष्य आकड्यांनी वेढलेले आहे. मालकीण मिस वॉटसन हिला न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात आपले आठशे डॉलर येत आहेत, हे कानी पडताच तो पळतो. नदीतील बेटावर हक भेटतो, तेव्हा जिम त्याला आपल्या गुंतवणुकीची कहाणी ऐकवतो. दहा डॉलर गाईत घातले, गाय मेली. दुसऱ्या एका गुलामाने काढलेल्या 'बँके'त पाच डॉलर ठेवले, बँक बुडाली. या विनोदी हकिगतीच्या शेवटी तो एक विलक्षण गोष्ट बोलून जातो. आता आपण स्वतःच्याच मालकीचे झालो आहोत आणि आपली किंमत आठशे डॉलर आहे, तेव्हा आपण श्रीमंतच म्हणायचे. फक्त ती रक्कम हाती असती तर आणखी काही नको होते! बाजाराने ठरवलेली किंमत आणि माणसाचे स्वतःवरील स्वामित्व यांतील विसंगती इतक्या थोडक्यात सांगणे अर्थशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांनाही क्वचितच साधले असेल.

पुढे आकडे उतरत जातात. त्याला पकडून देणाऱ्यास तीनशे डॉलरचे बक्षीस लागते. 'राजा' म्हणवणारा एक भामटा खोट्या हस्तपत्रकाच्या जोरावर त्याला चाळीस डॉलरला दुसऱ्याच्या हवाली करतो. अखेरीस कळते, की मिस वॉटसन दोन महिन्यांपूर्वीच वारली होती आणि मृत्युपत्राने तिने जिमला मुक्त केले होते. टॉम सॉयरला हे ठाऊक होते. तरीही साहसाच्या हौसेपायी त्याने सुटकेचा खेळ लांबवला. कैद्याची भूमिका निमूटपणे वठवल्याबद्दल टॉम जिमला चाळीस डॉलर देतो आणि जिम हरखून जातो. आठशेपासून चाळीसपर्यंतचा हा उतार स्वतः ट्वेन यांनीच लिहून ठेवला आहे.

त्याच पुस्तकात आणखी एक नोंद आहे. जिमला बायको आहे, दोन मुले आहेत. पैसे साठवून आधी बायकोला विकत घ्यायचे, मग दोघांनी राबून मुलांना विकत घ्यायचे आणि मालक देत नसेल तर कोणाकडून तरी ती पळवून आणवायची, असा त्याचा बेत आहे. तो ऐकून हक हादरतो. कारण ती मुले अशा कोणाची तरी मालमत्ता आहेत, ज्याने हकचे काहीच वाकडे केलेले नाही. हकचे हे हादरणे हा ट्वेन यांचा तीक्ष्ण उपरोध आहे. पुढे हाच हक मिस वॉटसनला लिहिलेले पत्र फाडून टाकतो आणि मित्राला दगा देण्यापेक्षा नरकवास पत्करतो, हा प्रसंग तर जगातील कादंबरी वाङ्‌मयाचे भूषण आहे. तथापि कथा तराफ्यावरून वाहत पुढे जाते आणि त्या बायकोमुलांचे काय झाले, हे शेवटच्या पानापर्यंत कोणी विचारत नाही. १८६० च्या जनगणनेनुसार अमेरिकेत सुमारे चाळीस लक्ष गुलाम होते. त्यांतील असंख्य कुटुंबांविषयीही असेच कोणी विचारले नाही.

एव्हरेट यांची कादंबरी या विसरलेल्या नोंदीवर उभी आहे.

पेन्सिलीची किंमत

एव्हरेट यांच्या कथेतील गुलाम आपसात प्रौढ, व्याकरणशुद्ध इंग्रजी बोलतात आणि गोरा माणूस समोर आला की बोबडी, मोडकी बोली सुरू करतात. लहान मुलांना या बोलीचे रीतसर धडे दिले जातात. समोरचा काळा माणूस आपल्यापेक्षा मंद आहे अशी खात्री असली म्हणजे गोरा निर्धास्त राहतो आणि तो निर्धास्त असेपर्यंत काळ्याचा जीव सुरक्षित असतो, हे त्यामागचे व्यवहारज्ञान. ट्वेन यांनी परिश्रमपूर्वक टिपलेली जिमची बोली येथे एक मुखवटा ठरते.

जेम्स हा न्यायाधीश थॅचरच्या ग्रंथसंग्रहात चोरून वाचन केलेला माणूस आहे. व्हॉल्तेर आणि जॉन लॉक त्याच्या स्वप्नात येतात आणि तो त्यांच्याशी वाद घालतो. लॉक यांची निवड अर्थपूर्ण आहे. माणसाची स्वतःच्या देहावर व श्रमावर मालकी असते, या सिद्धांताचे ते जनक मानले जातात; पण कॅरोलिना वसाहतीच्या १६६९ च्या ज्या घटनेच्या सिद्धतेत त्यांचा हात होता, तिने गुलामांवर मालकाची निरंकुश सत्ता मान्य केली होती. मालमत्तेच्या तत्त्वज्ञानातील ही फट त्याच तत्त्वज्ञानाने मालमत्ता ठरवलेला माणूस दाखवून देतो.

जेम्सला लिहायचे आहे. त्यासाठी जॉर्ज नावाचा एक तरुण गुलाम मालकाच्या घरून एक पेन्सिल चोरून आणतो. तिच्यापायी तो चाबकाचे फटके खातो आणि पुढे प्राणास मुकतो. जेम्स मात्र ती पेन्सिल शेवटपर्यंत जपतो. आठशे डॉलरच्या माणसाची कथा ज्या पेन्सिलीने लिहिली गेली, तिची किंमत एक जीव आहे, हे वाचकाच्या मनावर कोणत्याही भाष्याविना ठसते. पुढे बायको व मुलगी विकल्या गेल्याचे कळताच जेम्स त्यांच्या शोधात निघतो. गुलामांची पैदास करणाऱ्या एका मळ्यापर्यंत तो पोहोचतो आणि त्यांना सोडवतो. या मार्गावर त्याच्या हातून माणसे मारली जातात. मृत्युपत्राने मिळालेल्या मुक्तीचा व टॉम सॉयरच्या खेळाचा ट्वेन यांनी केलेला शेवट एव्हरेट यांनी समूळ गाळला आहे.

या कादंबरीच्या जमेप्रमाणे तिची खर्चाची बाजूही पाहिली पाहिजे. हक हा आपलाच मुलगा आहे, असे जेम्स त्याला सांगतो. राजकीय दृष्ट्या हा धक्का परिणामकारक आहे. गोरा कोण आणि काळा कोण, हा भेद त्यामुळे पोकळ ठरतो. परंतु ट्वेन यांच्या हकने रक्ताचे कोणतेही नाते नसलेल्या माणसासाठी आपल्या समाजाचा कायदा मोडला होता. नाते रक्ताचे ठरताच त्या निर्णयाची उंची काहीशी कमी होते. पुनर्लेखनाला अशी किंमत द्यावी लागते, हे त्याच्या चाहत्यांनी मान्य करण्यास हरकत नसावी.

बंदी, सफाई आणि उत्तर

'हकलबरी फिन'ला आजवर तीन प्रकारची वागणूक मिळाली आहे. १८८५ मध्येच मॅसॅच्युसेट्समधील काँकॉर्डच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ग्राम्यतेच्या कारणावरून ती बाहेर काढली. विसाव्या शतकात कारण बदलले. काळ्यांसाठी वापरलेला एक अपमानास्पद शब्द तिच्यात दोनशेहून अधिक वेळा येतो, म्हणून अनेक शाळांनी ती अभ्यासक्रमातून वगळली. २०११ मध्ये एका प्रकाशकाने त्या शब्दाऐवजी सर्वत्र 'गुलाम' हा शब्द घालून सोवळी आवृत्ती काढली. बंदीमुळे पुस्तक वाचकापासून दूर जाते. सफाईमुळे ते जवळ राहते, पण खोटे होते. ज्या समाजात तो शब्द सहज उच्चारला जात होता, त्या समाजाची साक्षच तिच्यामुळे पुसली जाते. एव्हरेट यांनी तिसरा मार्ग पत्करला. त्यांनी पुस्तकाला पुस्तकाने उत्तर दिले आणि मूळ संहितेच्या एका अक्षरालाही हात लावला नाही.

तीस हजार पौंड

या मार्गाचा धडा ज्या कादंबरीने घालून दिला, ती जीन ऱ्हिस यांची 'वाइड सारगॅसो सी' १९६६ साली प्रसिद्ध झाली. शार्लट ब्राँटी यांच्या १८४७ च्या 'जेन एअर'मध्ये रॉचेस्टरची वेडी बायको बर्था माडीवर कोंडलेली असते. ती किंचाळते, आग लावते आणि मरते. तिचे मरण नायिकेच्या विवाहाचा मार्ग मोकळा करते. परंतु ब्राँटी यांनीही एक आकडा लपवलेला नाही. सगळी इस्टेट थोरल्या मुलाला मिळावी म्हणून रॉचेस्टरच्या बापाने धाकट्याचे लग्न जमेकातील मळेवाल्याच्या मुलीशी लावले आणि त्या लग्नात तीस हजार पौंड आले.

ऱ्हिस यांचा जन्म १८९० सालचा, वेस्ट इंडीजमधील डोमिनिका बेटावरचा. त्या तीस हजार पौंडांच्या मागे असलेली मुलगी त्यांना दिसली. तिचे नाव अँत्वानेत. 'बर्था' हे नाव तिला नवऱ्याने चिकटवले. त्या काळच्या इंग्रजी कायद्याने विवाहित स्त्रीचा पैसा नवऱ्याचा होत असे. साहजिकच लग्न लागताच तिच्यापाशी ना रक्कम उरली, ना नाव. ऱ्हिस यांचे मोठेपण असे, की त्यांनी अँत्वानेतला निव्वळ बळी म्हणून रंगवले नाही. ती गुलाम बाळगणाऱ्या कुळातील आहे. तिच्या घरावर धाड घालून ते जाळणारे मुक्त गुलामही या कादंबरीत आहेत आणि त्यांच्या रागाला कारण आहे. १८३३ च्या कायद्याने ब्रिटनने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी संपवली, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई मालकांना मंजूर झाली. गुलामांच्या हाती एक पेनीही पडली नाही. एका हिशेबाच्या आत दुसरा, त्याहून मोठा हिशेब दडलेला आहे, याचे भान ऱ्हिस यांनी सुटू दिले नाही.

आपल्या बाजूचे खाते

याच भानाची कठोर परीक्षा अल्जीरियाच्या कामेल दाऊद यांनी दिली. आल्बेर काम्यू यांच्या १९४२ च्या 'लेत्रांजे' या कादंबरीत मेर्सो समुद्रकिनाऱ्यावर एका अरबाला गोळ्या घालतो. खटला चालतो, तत्त्वचिंतन होते, पण मेलेल्या माणसाला पुस्तकभर नाव नाही. दाऊद यांची 'मेर्सो, प्रतितपास' ही फ्रेंच कादंबरी २०१३ मध्ये अल्जीयर्सला प्रसिद्ध झाली. तिच्यात त्या मृताला मुसा हे नाव मिळाले. कथा सांगतो तो त्याचा धाकटा भाऊ हारून.

एवढ्यावर पुस्तक थांबते, तर ते वसाहतवादाविरुद्ध एक चांगले निवेदन ठरले असते. परंतु १९६२ च्या जुलैत, देश स्वतंत्र होताच, हारून स्वतःच एका फ्रेंच माणसाला ठार मारतो. मुक्तिसेनेचा अधिकारी त्याची चौकशी करतो. मात्र खून का केलास, यापेक्षा स्वातंत्र्याच्या दिवसाआधी का केला नाहीस, हाच प्रश्न त्याला महत्त्वाचा वाटतो. त्या तारखेपूर्वी जे शौर्य ठरले असते, ते नंतर गुन्हा ठरले! काम्यूच्या न्यायालयातील विपरीतता स्वतंत्र राष्ट्राच्या कचेरीतही शिल्लक आहे, हे दाऊद आपल्याच लोकांना ऐकवतात. धर्माच्या नावाने चालणाऱ्या दडपणावरही त्यांनी कोरडे ओढले. २०१४ च्या डिसेंबरात एका कट्टर धर्मोपदेशकाने त्यांना देहदंड द्यावा, अशी जाहीर मागणी केली. जे पुनर्लेखन परक्यांचेच खाते तपासते, त्याला घरी टाळ्या मिळतात. आपले खाते उघडणाऱ्याच्या वाट्याला असे काही येते.

उत्तराला परवानगी कोणाची?

ट्वेन, ब्राँटी यांच्या ग्रंथांवरील स्वामित्व केव्हाच संपले. स्वामित्व जिवंत असेल तेथे उत्तर देण्याचा हक्क कोर्टातून मिळवावा लागतो. मार्गारेट मिचेल यांच्या १९३६ च्या 'गॉन विथ द विंड'ने दक्षिणेतील मळ्यांचे जीवन रम्य करून दाखवले. अ‍ॅलिस रँडल यांनी २००१ मध्ये 'द विंड डन गॉन' ही कादंबरी लिहून तीच कथा मळ्यावर जन्मलेल्या, मालकाच्याच मिश्रवर्णी मुलीच्या तोंडून सांगितली. मिचेल यांच्या वारसा-विश्वस्तांनी दावा लावला. अटलांटाच्या जिल्हा न्यायालयाने प्रकाशनास मनाई केली. वरच्या न्यायालयाने महिनाभरातच ती उठवली. पुढे २००२ मध्ये तडजोड झाली. त्याच विश्वस्तांच्या संमतीने १९९१ मध्ये निघालेल्या 'स्कार्लेट' या उत्तरकथेला मात्र कसलीच अडचण आली नव्हती. मूळ ग्रंथाचा गोडवा वाढवणाऱ्याला परवाना आणि त्याची उलटतपासणी करणाऱ्याला मनाई, हा मक्तेदारीचा नेहमीचा न्याय येथेही दिसतो.

अर्थात हक्क असणे वेगळे आणि पुस्तक चांगले असणे वेगळे. रँडल यांच्या कादंबरीत गोरे दुबळे वा मूर्ख आणि सगळी सूत्रे गुलामांच्या हाती, अशी नुसती उलटापालट पुष्कळ आहे. जमेचे आकडे खर्चात नि खर्चाचे जमेत लिहिल्याने हिशेब सुटत नाही. शिवाय प्रसिद्ध ग्रंथाच्या नावावर आयता वाचक मिळतो, हे प्रकाशकांनी ओळखले आहे. जुन्या प्रत्येक कथेतील प्रत्येक दासीला कादंबरी मिळणार असेल, तर त्या मागे अन्यायाची चीड किती आणि विक्रीचा अंदाज किती, हे वाचकाने पारखून घ्यावे.

महाराष्ट्राचा अनुभव

महाराष्ट्राला हा प्रकार अपरिचित नाही. 'हकलबरी फिन'च्या अकरा वर्षे आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि अमेरिकेत निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना ती अर्पण केली. त्या ग्रंथात वामनाने तीन पावलांत बळीला पाताळात घातल्याची कथा त्यांनी बळीच्या बाजूने वाचली. इतिहास म्हणून त्यातील सर्व विधाने आज जशीच्या तशी कोणी मानणार नाही. परंतु ज्या राजाला पुराणाने पाताळात धाडले, त्याचे राज्य परत यावे अशी इच्छा शेतकऱ्याच्या घरी दरवर्षी बोलून दाखवली जाते, ही नोंद फुल्यांनी कल्पनेतून आणलेली नव्हती. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०७ च्या 'कीचकवधा'त विराटाच्या दरबारातील द्रौपदीची विटंबना उचलली. प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झनला ओळखले, युधिष्ठिरात मवाळांना आणि भीमात जहालांना. सरकारनेही ओळखले व १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. महाभारतात द्रौपदीने भर सभेत मागितलेला न्याय अनुत्तरितच होता. खाडिलकरांनी तो प्रश्न पुन्हा उभा केला.

स्वतः ट्वेन यांचा एक अनुभव या संदर्भात स्मरणीय आहे. १८९६ च्या जानेवारीत ते मुंबईत उतरले होते. हॉटेलात एका धिप्पाड जर्मन माणसाने हिंदी नोकराच्या थोबाडीत मारली आणि नोकराने ती मुकाट्याने सोसली. ते पाहताच आपल्या बालपणी गुलामांना असेच वागवले जात असे, ही विसरलेली गोष्ट ट्वेन यांना एकाएकी आठवली. दहा वर्षांचे असताना, क्षुल्लक चुकीसाठी एका गुलामाला मालकाने लोहखनिजाचा गोळा फेकून मारल्याचे व तो तासाभरात मेल्याचे त्यांनी पाहिले होते. 'फॉलोइंग द इक्वेटर' या १८९७ च्या प्रवासवर्णनात त्यांनी हे नोंदवले आहे. 'हकलबरी फिन' लिहून दहा-बारा वर्षे उलटलेल्या लेखकालाही स्वतःच्या गावचे काही उरलेले होते आणि ते दिसण्यासाठी त्याला दूरच्या मुंबईत उभे राहावे लागले.

चांगले पुनर्लेखन वाचकाला अशीच दुसरी जागा मिळवून देते. ते मूळ ग्रंथाची जागा घेऊ लागले, 'आता ट्वेन वाचायला नको' असे म्हणू लागले, तर ते बंदीचेच सभ्य रूप ठरेल. म्हणून महाविद्यालयांतून ही पुस्तके शिकवताना मूळ आणि उत्तर शेजारी शेजारी ठेवली पाहिजेत. एव्हरेट वाचून जो विद्यार्थी ट्वेनकडे परत जाईल, त्याला आठव्या प्रकरणातील आठशे डॉलरच्या विनोदावर पूर्वीइतके मोकळेपणाने हसता येणार नाही. तो विनोद लिहिताना ट्वेनही पुरते हसत नव्हते, हे मात्र त्याच्या प्रथमच ध्यानात येईल.